चांगुणाबायचा जवाब

संपादकांचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या बाजारात सुकट निवडत होतो. "दिवाळी अंकासाठी तुमचे व्यवसायातले अनुभव लिहा," ते म्हणाले. "हलकंफुलकं असू द्या. दिवाळीत वाचकांना हसायला आवडतं." मी विचारलं, "आणि बाकीच्या सणांना काय, रडायला?" तर ते हसत सुटले. माझ्या धंद्याचा हा पहिला त्रास. साधा प्रश्न विचारला तरी समोरचा हसतो. एकदा छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलो, तर केसपेपर काढणारा म्हणाला, "सर, मस्त! अजून एक करा ना."

तेव्हा आधीच सांगतो. मी रेडिओवर चौदा वर्षं बोललो, आणि माइक धरून लोकांसमोर उभा राहतो तो आजतागायत. त्यात जे पाहिलं ते हलकं नाही आणि फुलकं तर अजिबात नाही. ज्यांना तसलं हवं त्यांनी पानं उलटून चकलीची कृती वाचावी.

माझं घर डोळखांबच्या आतल्या बाजूला. एसटी जिथे थांबते तिथून पाऊण तास चालायचं, मध्ये ओढा. भात, नाचणी, थोडं रान. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.ए., मराठी, दुसरा वर्ग. बापाने पदवीचा कागद काच लावून देवांच्या शेजारी टांगला आणि दर सणाला त्याला हळदकुंकू लावत राहिला. हे मुद्दाम लिहितो, कारण या धंद्यात भेटलेल्या प्रत्येक शहाण्याने मी अडाणी असणार असं धरूनच सुरुवात केली. "अय्या, तुम्ही इतकं शुद्ध कसं काय बोलता?" असं विचारणाऱ्या बाईंना स्वतःला इंग्रजीचा टेकू घेतल्याशिवाय मराठीचं एक वाक्य पुरं करता येत नव्हतं. त्या रेडिओच्या कार्यक्रमप्रमुख होत्या. माझं नाव दामोदर. बाई म्हणाल्या, "दामोदर म्हटलं की आजोबा दिसतात. आपण डॅमी करू या." मी बापाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "सर्टिफिकेटवर दामोदरच ऱ्हाऊ दे."

लोकांना वाटतं रेडिओवरचा माणूस सकाळभर बोलत असतो. दोन गाण्यांच्या मधे त्याला चाळीस-पन्नास सेकंद मिळतात, त्याला लिंक म्हणतात. तेवढ्यात वेळ सांगायची, एक जाहिरात उरकायची आणि एक हशा बसवायचा. हशा बसवायची रीत साधी आहे. ज्या शब्दावर हसू येणार तो वाक्याच्या अगदी शेवटी ठेवायचा आणि त्यानंतर तोंड बंद. नवशिका तिथेच मरतो. शब्द टाकून झाल्यावर लोक हसले नाहीत, की तो समजावत बसतो. एकदा समजवायला लागलात की घरी जा, हे मी पुढे कितीतरी पोरापोरींना सांगितलं. आणि ते श्रोत्यांचे फोन? सांगून टाकतो, आता माझं कोण काय वाकडं करणार. आमच्याकडचे निम्मे फोन शेजारच्या खोलीतून यायचे. कल्याणची सुनीता, उल्हासनगरचे काका, सगळे आमच्यातलेच, हातात चहाचा कप घेऊन बसलेले.

एकदा ती सुनीता आजारी पडली. फोन हवा होता, म्हणून मीच शेजारच्या खोलीत गेलो आणि आवाज बारीक करून बोललो, "हॅलो, रेडिव का? आवो, मी चांगुणाबाय बोलतंय. तुमचा गाना आयकून माजी म्हस दूध देत नाय. जरा दुसरा लावा ना गो!" काचेपलीकडे बाईंनी हसून हसून चहा सांडला. दुसऱ्या दिवसापासून 'चांगुणाबायचा फोन' रोजचा झाला. चांगुणाबाय लिफ्टला नमस्कार करायची, पिझ्झ्याला करपलेली भाकर म्हणायची, बँकेत जाऊन मॅनेजरला तांदूळ द्यायची. शहरात लोक गाड्या बाजूला घेऊन ऐकायचे म्हणे. ऐकत असतील. दुसऱ्याच्या अडाणीपणासाठी माणूस गाडी थांबवतो, अपघातासाठी थांबवत नाही.

चांगुणाबाय हवेतून आली नव्हती. चांगुणा ही माझी सख्खी आत्या, बापाची मोठी बहीण. शेणव्याजवळ दिलेली. आमच्या पाड्यावरून सकाळच्या कॉलेजला पोचवणारी गाडीच नव्हती, म्हणून तीन वर्षं मी तिच्याकडे राहिलो. मी घरी आलो की ती भाकऱ्या थापायला बसायची आणि मी चुलीपाशी बसून कॉलेजात काय झालं ते सांगायचो. इतिहासाचे सर चष्मा कपाळावर ढकलून दर वाक्याला "म्हणजेच असं की" म्हणायचे, तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर आत्याने पिठाच्या हाताने नसलेला चष्मा कपाळावर ढकलला आणि गाईला म्हणाली, "म्हंजेच असा की, बाजूला सरक." त्या सरांना तिने जन्मात पाहिलं नव्हतं. पण ते आमच्या गोठ्यात उभे होते, चष्म्यासकट. माणसाचं नेमकं काय पकडायचं हे मला कुठल्या वर्कशॉपमधे शिकवलेलं नाही. मी रेडिओवर नेलं ते सगळं तिचं, आणि तिला न विचारता नेलं. नावसुद्धा बदललं नाही. मुंबईचा रेडिओ आमच्या डोंगराआड लागत नव्हता, त्या भरवशावर.

इथे आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल. लग्नात हळदीच्या दिवशी घरच्या बायका घरच्याच पुरुषांना गाण्यात घेतात, म्हणजे नाव घेऊन त्यांची टर उडवतात. मांडवात घोंगडी टाकलेली असते. ज्याचं नाव निघेल त्याने येऊन घोंगडीवर बसायचं आणि मान खाली घालून ऐकायचं. कोण आळशी, कोण बायकोला भितो, कोणाच्या मागे सासऱ्याने कुत्रं सोडलं होतं, सगळं निघतं. गाणं संपलं की बोलायची बारी त्याची. त्याने जवाब द्यायचा, आणि जवाब हसवणारा पाहिजे. मग त्याच्या तोंडाला हळद फासतात आणि तो सुटतो. सगळ्यांचे जवाब होईपर्यंत पंगत बसत नाही, मग भात निवला तरी चालेल. टर आपल्याच माणसाची उडवतात. सरपंच, मास्तर, बाहेरचा पाहुणा यांना कोणी गाण्यात घेत नाही. त्यांना खुर्ची देतात. आणि गाण्यात पुढे असायची चांगुणा आत्या. तिच्या तावडीतून सुटलेला पुरुष आमच्या भावकीत नव्हता.

ही रीत अंगात मुरलेली, म्हणून स्टेजवर माझी पहिलीच फजिती झाली. मुंबईत एका कॅफेच्या गच्चीवर रविवारी दुपारी नवशिक्यांना पाच-पाच मिनिटं माइक द्यायचे. पुढच्या रांगेत एक हाफ पँटवाला गृहस्थ बसला होता, पायात चप्पल नाही आणि मनगटावर दोन घड्याळं. मी त्याला घेतलं. लोक चांगले हसले. मग मी थांबलो, माइक त्याच्यापुढे धरला आणि वाट बघत राहिलो. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. शेवटी सूत्रसंचालक पळत आला आणि माझ्या कानात म्हणाला, "ब्रो, ब्लँक झालास का?"

"त्याची बारी आहे," मी म्हणालो.

"कोणाची?"

"ज्याची टर उडवली त्याची."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी रेल्वेच्या डब्यात बैल घेऊन चढलोय. मग म्हणाला, "तो बोलायला लागला तर तुझा शो खतम. माइक हातातून कधी सोडायचा नाही. काय वाटेल ते झालं तरी." या धंद्याचं सगळं शास्त्र एवढंच आहे. बाकी जे वर्कशॉपवाले शिकवतात तो भुसा. मी तो धडा नीट शिकलो.

पुढे नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं मिळाली. कल्याणच्या एका सोसायटीच्या महिला मंडळाने बजावलं, "वात्रट काही नको हं," आणि निघताना तक्रार केली की फारच सात्त्विक झालं. मुरबाडकडच्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मंडप खच्चून भरला होता. मी एक विनोद टाकला, कोणी हसेना. दुसरा टाकला, तेच. मग लक्षात आलं की सगळे पहिल्या रांगेतल्या साहेबांच्या तोंडाकडे बघतायत. ते हसले की मंडप हसणार. त्या दिवशी मी अख्ख्या गर्दीसमोर एका माणसासाठी कार्यक्रम केला, आणि त्याला ऐकू कमी येत होतं. आणखी एकाने मुलाच्या साखरपुड्याला बोलावून हातात चिठ्ठी दिली. तीत व्याह्यांचे दोष लिहिले होते, क्रमांक घालून.

असल्यांवर हसून मी दिवस काढत होतो. त्यांच्याहून मी वेगळा आहे अशी माझी समजूत होती.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मुरबाडच्या अलीकडे टेकडी कापून एक रिसॉर्ट केलाय. तिथे मुंबईतल्या एका कंपनीची सहल येणार होती. दुपारी जेवण आणि जेवणाआधी मी. कंपनीच्या बाईंनी यादी पाठवली. धर्म नको, जात नको, राजकारण नको, जाडेपणावर नको, बायकांवर नको, टकलावर तर नकोच, कारण मोठे साहेब टकले. मी फोन करून विचारलं, "मग उरलं कोण?" बाई म्हणाल्या, "तुमची ती चांगुणाबाय करा ना. गावाकडचं सेफ असतं." म्हणजे ज्यांच्यावर हसायचं नाही अशा सगळ्यांची यादी झाली होती आणि माझी माणसं त्या यादीत नव्हती. हे मला तेव्हाच कळलं होतं. बी.ए. झालोय, एवढं कळतं. तरी मी हो म्हणालो.

हिरवळीवर स्टेज होतं आणि हिरवळीच्या पलीकडच्या कडेला पाटी, 'चुलीवरची अस्सल भाकरी'. पाटीखाली पाच-सहा बायका एकसारख्या हिरव्या लुगड्यांत बसवल्या होत्या, अंबाड्यात प्लास्टिकचे गजरे. आसपासच्या गावांतून त्यांना जीपने आणायचे. खऱ्या भाकऱ्या मागे गॅसवर होत होत्या, या चुली फोटोसाठी. ऊन माझ्या डोळ्यांवर होतं आणि त्या बाजूला धूर, त्यामुळे मला लुगडी दिसत होती, तोंडं नाही. मी चांगुणाबाय लावली. म्हैस झाली, लिफ्ट झाली, बँकेतले तांदूळ झाले. साहेब हसत होते, साहेबांचं टक्कल हसत होतं. शेवटचा हशा ओसरला आणि त्या धुरातून आवाज आला, "दाम्या! जाला का तुजा? आता माजी बारी!"

चांगुणा आत्या चुलीपासून उठून दोन पावलं पुढे आली होती. पिठाचा हात तिने माइक घ्यायला पुढे केला होता.

तिच्या तोंडावर राग नव्हता. लिहिताना मला हेच सगळ्यात जास्त टोचतं. ती खुशीत होती. हळदीच्या मांडवात माझं नाव पुकारताना असायची, अगदी तशी. भाच्याने तिला गाण्यात घेतलं होतं आणि आता ती जवाब देणार होती. तिच्या लेखी यात काहीच वावगं नव्हतं.

माझ्याकडे दोन सेकंद होते. माइक हातातून सोडायचा नाही. मी म्हणालो, "आजी, भाकरी करपतेय!"

माझ्या अख्ख्या आयुष्यात त्याएवढा हशा मला मिळालेला नाही. लोक खुर्च्यांवरून घसरले. आत्या स्वतःच्या हाताकडे बघत उभी राहिली. मग वळली, चुलीपाशी बसली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

भाकरी करपत नव्हती. तीन वर्षं मी तिच्या हातची भाकरी खाल्ली, एकदाही करपली नाही.

कंपनीच्या बाई धावत आल्या. "त्या आजींना तुम्हीच बसवलं होतं ना मधे? ब्रिलियंट!" मी म्हणालो, "हो." एकदा आत्याला आजी म्हणून झालं होतं, आता ती माझी कोणी नाही हेही सांगून झालं. मग मी ताट घेऊन चुलीपाशी गेलो. बाकीच्या बायका ओळखीच्याच होत्या, त्यांनी माना वर केल्या नाहीत. आत्याने भाकरी ताटात टाकली, वर लसणाची चटणी ठेवली आणि म्हणाली, "घ्या, साएब."

"आत्या, अगं..."

"मागं लाइन हाय, साएब. सरका."

पुढे भावाने मला एक गोष्ट सांगितली. तिला दोन वर्षांपासून माहीत होतं. एका जीपवाल्याने मोबाइलवर माझी चांगुणाबाय तिला ऐकवली होती. आत्याने त्याला तीनदा लावायला लावली आणि म्हणाली, "म्हस माजी नव्हती, शेजारच्या यमुनाची व्हती. बाकी बरा करतंय पोरगा. गाठ पडू दे, जवाब देईन त्याला." मी तिच्या जिवावर चोरीचा धंदा केला, त्यालाही तिची ना नव्हती. तिला फक्त तिची बारी हवी होती, आणि ती मी पन्नास अनोळखी माणसांसमोर मारली.

त्यानंतर पहिलं लग्न आलं ते चुलतभावाचं. हळदीला मी मांडवात शिरलो तसा कोणीतरी पळत प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. "साएब, बसा." गाणी सुरू झाली. भाऊ झाला, चुलते झाले, मामा झाला. माझं नाव निघालं नाही. शेवटी माझ्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि मी मास्तरांच्या शेजारी बसून टाळ्या वाजवल्या. पुढच्या लग्नात तेच. त्याच्या पुढच्यात तेच. सात वर्षं आमच्या भावकीने माझा सत्कार केला. घरात इतक्या शाली झाल्या की बायकोने मिक्सरला पांघरूण केलं. लोकांना हसवून पोट भरणारा माणूस मी, आणि माझ्या स्वतःच्या घरात माझ्यावर हसायला कोणी तयार नाही. शहरातल्या मित्रांना सांगितलं तर म्हणाले, "अरे, रिस्पेक्ट देतायत तुला!" त्यांना काय कळणार, कपाळ.

माफी मागायला मी तिच्या घरी गेलो. तिने खुर्ची पुसून दिली. चहा बशीवाल्या कपातून दिला, जो फक्त तलाठी आला तर निघायचा. मी रिसॉर्टचं नाव काढल्यावर म्हणाली, "माफी? ती कशाची वो साएब? आमाला काय त्यातला कलत नाय."

मी कार्यक्रमप्रमुख बाईंना सांगितलं, चांगुणाबाय बंद करा. त्या म्हणाल्या, "ते कॅरॅक्टर स्टेशनचं आहे, डॅमी. तुझं थोडंच आहे?" या एका बाबतीत बाई बरोबर होत्या. ते माझं नव्हतंच. मी नोकरी सोडली. आता चांगुणाबाय एक मुंबईतच वाढलेला तरुण करतो. दर शब्दामागे 'नाय' लावलं की झालं खेडं, अशी त्याची समजूत आहे. एकदा त्याने मला फोन करून विचारलं, "सर, ते लोक अजून काय काय करतात हो?"

मी म्हणालो, "जवाब देतात."

तो हसला. मी म्हटलं ना, काही विचारा, काही सांगा, लोक हसतात.

यंदा उन्हाळ्यात भावाच्या मुलीचं, वैशालीचं लग्न निघालं. भाऊ म्हणाला, "आत्याचे गुडघे गेलेत. ह्या हळदीनंतर गाणार नाय म्हणते." म्हणजे या हळदीला राहिलं तर राहिलंच. मग मी मरेपर्यंत मास्तरांच्या शेजारी.

दुपारी मांडव भरला. मागे भाताची पातेली उतरली होती आणि वास मांडवभर फिरत होता. आत्याला दोघींनी धरून आणून घोंगडीसमोर बसवली. बसायला त्रास झाला, पण तोंड सुटलं ते पूर्वीसारखंच. भावाला असा सोलला की वैशाली हळदीच्या अंगाने आडवी होऊन हसली. एकेक करून सगळे घोंगडीवर बसून, जवाब देऊन, पिवळे होऊन उठले. मी खुर्चीवर. मग आत्याने हात झटकले. "जाला. पानां मांडा रे."

मी उठलो आणि इस्त्रीच्या पँटीसकट घोंगडीवर जाऊन बसलो.

आत्याने माझ्याकडे बघितलं नाही. "साएब, उठा. कापडां मलतील."

"रिसॉर्टवरची तुजी बारी रायलीय, आत्या."

"खुर्ची आणा रे साएबांना."

खुर्ची आली. कोणीतरी ती माझ्या पाठीला टेकवली. मी हललो नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, "चांगुणे, घे त्याला, नायतर सोड. भूक लागली." आत्या हळदीच्या ताटात बोट फिरवत बसली. मग तिने कडेचा भाताचा डाव उचलला, माइकसारखा तोंडापाशी धरला, आणि गायला लागली.

"आमचा दाम्या शिकला गो, बी.ए. जाला गो,
आत्याचा लुगडा नेसून रेडिववर गेला गो!
लुगडा फिटला, पदर सुटला, आता काय रे करशी?
माइक दे रे आत्याला, तू भाकर थाप जराशी!"

बायकांनी शेवटची ओळ तीनदा उचलून धरली. रिसॉर्टवर चुलीपाशी बसायच्या त्या सगळ्यांत मोठ्याने. मग आत्याने एक हात खिशात घातल्यासारखा कमरेला लावला, हनुवटी वर केली आणि माझ्याच आवाजात, माझ्या त्या गुळगुळीत रेडिओच्या आवाजात म्हणाली, "आजी, भाकरी करपतेय!"

मी घोंगडीवर बसलेला, आणि समोर तिच्यात मीच उभा होतो. इतिहासाचे सर गोठ्यात उभे होते, तसा. किती फालतू दिसत होतो ते पहिल्यांदा बघितलं. मांडव हसून फुटायला आला होता.

मग डाव माझ्याकडे आला. बारी माझी. सात वर्षं मी मनात घोकत आलो होतो ते बोललो. "आत्या, भाकर करपली नव्हती. मी खोटा बोललो. सख्खी आत्या तू, आन मी तुला आजी म्हनलो." बोलताना मी बाहीने नाक पुसलं. मला वाटलं, झालं. नाटकात अशा वेळी मिठी मारतात.

"ह्यो काय जवाब हाय?" आत्या म्हणाली. "लोकां उपाशी बसलीत आन ह्यो गाऱ्हाना घालतोय. रडका कुठला! हसव!"

"हसव रे, दाम्या!" मागचा म्हातारा ओरडला.

माझ्या पोतडीत अशा वेळेसाठी पाचपन्नास उत्तरं तयार असतात. समोरच्याचं वाक्य उलटवायचं, नाहीतर स्वतःलाच हाणायचं, नाहीतर तिसऱ्याला मधे ओढायचं. त्यातलं एकही जिभेवर येईना. मी म्हणालो, "आत्या, लुगडा तुजा खरा, पर पिना माज्या व्हत्या."

कोणी हसलं नाही. एकजण खोकला. पातेल्यावरचं झाकण कोणीतरी सरकवलं, तेवढा आवाज. आणि मग जे करू नका म्हणून मी आयुष्यभर पोरांना सांगत आलो, तेच मी केलं. समजवायला लागलो. "म्हंजे कसा, पिना म्हंजे, लुगडा घसरू नये म्हनून मी जे थोडाफार माजा..."

मांडव कोसळला. बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. माझी बायको, जी माझ्या कार्यक्रमाला कधी हसत नाही, ती डोळे पुसत होती. मी डाव हातात धरून बसलेला, अजून पिनांचंच सांगतोय.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली. "बी.ए. जाला, पर जवाब काय याला यायचा नाय. लावा रे हलद मेल्याला."

हळद तिनेच लावली, दोन्ही हातांनी, डोळ्यांत जाईल अशी. मी कसेबसे डोळे उघडले तर एकाने सवयीने ती खुर्ची पुन्हा आणली होती. आत्याने त्याला हातानेच परतवलं. "ती मास्तरांना दे. दाम्या बसेल खाली."

मी पंगतीत खाली बसलो, पिवळा. भात पार गार झाला होता. तो माझ्यामुळे गार झाला हे वाढणाऱ्या पोरींपासून त्या मागच्या म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाने, माझ्या पानासमोरून जाताना, मला नावानिशी ऐकवलं.